फारूख मास्तरांचं ‘ऑलमोस्ट’

फारूख मास्तरांच्या दुकानात कुठलाही कपडा शिवायचा राहिलेला नसतो. तो झालेलाच असतो. तुम्ही सकाळी जा, संध्याकाळी जा, कापड टाकून चार दिवस झालेले असोत की चाळीस, मशीनवरची मान वर न करता मास्तर म्हणणार, "झालंच आहे, भाभी. नुसते हुक बाकी." त्या घडीला तुमचं कापड तुम्ही दिलं तसं, त्याच पिशवीत, त्याच घडीत फळीवर निवांत झोपलेलं असतं. हे मास्तरांना ठाऊक असतं आणि तुम्हालाही. तरी तुम्ही विचारता, "नक्की ना?" आणि मास्तर छातीवर हात ठेवून म्हणतात, "जबान दिली ना!"

छत्रपती संभाजीनगरात, औरंगपुऱ्याच्या एका अरुंद गल्लीत, बांगड्यांचं दुकान आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध हे दहा बाय आठचं दुकान बत्तीस वर्षं उभं आहे. दोन मशिनी, कापायचं एक टेबल, गिऱ्हाइकांसाठी एक बाकडं आणि छतापर्यंत फळ्याच फळ्या. हाताबद्दल म्हणाल तर मास्तरांना तोड नाही. बाही अशी बसवतील की हात डोक्यावर नेला तरी पाठ ओढत नाही. बत्तीस वर्षांत एक कापड त्यांनी बिघडवलेलं नाही. म्हणून तर देवगाव रंगारीच्या बायकासुद्धा एसटीनं येऊन कापडं टाकून जातात. तारखेचं मात्र काही बोलू नका.

गिऱ्हाइकांनी यावर आपला तोडगा काढलेला होता. लग्न वीस तारखेला असलं की मास्तरांना पंधरा सांगायची. मास्तर मनातल्या मनात पाच मिळवून वीस धरायचे आणि एकोणीसच्या दुपारी मशीनला बसायचे. वीसच्या सकाळी कपडा इस्त्री होऊन तयार. थाप दोन्हीकडून मारली जायची आणि दोन्हीकडच्यांना ती तोंडपाठ होती. याला कुणी खोटं म्हटलं की मास्तर उखडायचे. "खोटं कसलं? तसल्ली म्हणतात याला. बाईमाणसाचा जीव उगीच टांगणीला लागू नये."

या पद्धतीत अडकलं होतं ते एकच गिऱ्हाईक, आणि ते म्हणजे मास्तरांची बायको कमरुन्निसा. नऊ वर्षांपूर्वी तिच्या भावानं हैदराबादेहून तिच्यासाठी मोरपंखी रेशमाचं कापड आणलं होतं. त्याची कमीज शिवायची होती. पहिल्या ईदेला तिनं विचारलं, "हुआ क्या?" मास्तर म्हणाले, "हो गयाच समझ." दुसऱ्या ईदेला तेच. बिचारीला पाच दिवस अलीकडची तारीख सांगायचीही सोय नव्हती, ईद कधी आहे हे मास्तरांना तिच्याइतकंच माहीत होतं. पुढं तिनं विचारणं सोडून दिलं. कापड दर वर्षी एकेक फळी वर चढत गेलं आणि शेवटी छताला टेकलं. शहरभरच्या बायकांना नटवणाऱ्या माणसाची बायको ईदेला तयार कपडे आणून घालायची, आणि त्यावर ती चकार शब्द काढत नसे.

आता इंग्रजीचं सांगायला हवं. मास्तरांचं इंग्रजी चेस्ट, वेस्ट, शोल्डर, आर्महोल, ट्रायल आणि अर्जंट एवढ्यावर बत्तीस वर्षं झकास चाललं होतं. पण अलीकडं कॉलेजच्या मुली मोबाइलवर इंग्रजीत विचारायला लागल्या, आणि त्यांना ‘झालंच आहे’ कसं कळवावं ही अडचण उभी राहिली. नेमकी त्याच दिवसांत त्यांची मुलगी सदफ बी.एड. करत होती आणि आठवीच्या वर्गाला इंग्रजी क्रियाविशेषणं शिकवायचा पाठ तिच्या वाट्याला आला होता. वर्गापुढं उभं राहण्याआधी सरावाला कुणीतरी हवं, म्हणून जेवताना तिनं अब्बांनाच विद्यार्थी केलं.

ऑलवेज, नेव्हर, समटाइम्स झालं. मग ऑलमोस्ट आलं. सदफनं पेल्यात पाणी ओतलं, वर दोन बोटांची जागा ठेवली आणि म्हणाली, "ये देखो अब्बा. गिलास ऑलमोस्ट भर गया."

मास्तरांचे डोळे लकाकले. त्यांना लगेच कळलं की आपल्याला हवा होता तो शब्द हाच. तरी माणूस कारागीर, माप घेतल्याशिवाय कात्री लावणार नाही. त्यांनी विचारलं, "कापड आलंय. कापलं नाही, पण कापायचं मनात आहे. ऑलमोस्ट?"

"नाही, अब्बा."

"कापलं. शिवलं नाही."

"नाही."

"शिवलं. बाह्या राहिल्या."

"अजून नाही."

"सगळं झालं. हुक तेवढे बाकी."

"हौ! अब ऑलमोस्ट."

मास्तर खट्टू झाले. "इतनाच? मग दिवसातून दहा मिनिटंच कामाला येणार की हा शब्द!" कमरुन्निसा भाकरी भाजता भाजता पदराआड हसली. मास्तरांनी मात्र दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन मापाच्या वहीच्या पुठ्ठ्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं: ऑलमोस्ट – हुक बाकी. अर्थ अगदी बिनचूक होता. तो वापरायचा कसा, हे मात्र त्यांनी आपल्या दुकानाच्या रिवाजावर सोडलं. त्या आठवड्यात चार मुलींना त्यांनी ‘ऑलमोस्ट रेडी’ कळवलं, आणि चौघींचीही कापडं फळीवर होती. मुली इथल्याच, त्यांनी मुकाट्यानं पाच दिवस मिळवले. कुणाचंच काही बिघडलं नाही.

मग एका सोमवारी रत्नमालाताई आल्या. घाटी दवाखान्यात तीस वर्षं परिचारिका म्हणून नोकरी करून निवृत्त झालेल्या, मास्तरांच्या जुन्या गिऱ्हाईक, बोलायला खणखणीत. सोबत दोन परदेशी बायका होत्या.

"मास्तर, ही आमची होणारी सून, अयाका. जपानची हाय. आमचा इंद्रजीत तिकडंच नोकरीला हाय नव्हं का. आन ह्या हिच्या आई, नोरिकोताई. रविवारी लग्न. पांढऱ्या साडीवर घालायला ब्लाउज पाहिजे. पण मला बुधवारीच लागतो बरं का, पाहुणे यायलेत."

लग्नाची पत्रिका मास्तरांच्या आरशाला खोचलेलीच होती. त्यांनी तिच्याकडं एक नजर टाकली आणि छातीवर हात ठेवला. "बुधवार म्हणजे बुधवार, ताई." शनिवारी दुपारी द्यायचा हे दोघांनाही कळलं आणि दोघांचंही समाधान झालं.

नोरिकोताईंनी पिशवीतून कागदाची घडी काढली, तिच्यातून कापड काढलं आणि दोन्ही हातांवर धरून, कमरेत वाकून मास्तरांपुढं केलं. मास्तर गडबडून उठले, त्यांनीही वाकून ते दोन्ही हातांत घेतलं आणि नकळत कपाळाला लावलं. गडद निळं रेशीम, त्यावर तांदळाएवढी पांढरी फुलं. अयाकाच्या आजीचा किमोनो होता तो. आजी गेल्यावर आईनं तो उसवला, धुतला आणि त्याच्या लांब पट्ट्या जपून ठेवल्या होत्या. रत्नमालाताई कौतुकानं म्हणाल्या, "बघा मास्तर, रंग आमचाच निघाला का नाय! निळा!" अयाकानं मास्तरांचा मोबाइल नंबर घेतला. दुसऱ्या दिवसापासून दोघी मायलेकी अजिंठ्याची लेणी बघायला फर्दापूरला मुक्कामी जाणार होत्या, आणि रत्नमालाताईंना लग्नघरातून मान वर करायला फुरसत नव्हती.

सगळ्याजणी गेल्या आणि मास्तरांनी पट्टीला टेप लावला. पन्हा, म्हणजे कापडाची रुंदी, अवघा चौदा इंचांचा! आपल्याकडचा ब्लाउजपीस निदान छत्तीस इंचांचा येतो. पाठ एका तुकड्यात बसणार नव्हती, मधोमध जोड येणार होता. भर मांडवात, नवरीच्या पाठीवर, उभा जोड. बत्तीस वर्षांत त्यांनी असं कधी केलं नव्हतं आणि दुसऱ्यानं केलेलं पाहिलं की ते नाक मुरडायचे. शिवाय कापड असं की चुकलं तर बाजारात दुसरं मिळणार नाही, जपानातही नाही. मास्तरांना सरळ सरळ भीती वाटली. त्यांनी ते पुन्हा घडी करून कागदात गुंडाळलं आणि फळीवर ठेवलं. मंगळवारी काढलं, बघितलं, परत ठेवलं. बुधवारीही तेच झालं. खरं तर कुणाला तरी विचारायला हवं होतं, पण ज्या दुकानात सगळं झालेलंच असतं तिथं विचारायची सोय कुठली?

बुधवारी दुपारी मोबाइल वाजला. अयाकानं इंग्रजीत विचारलं होतं, ब्लाउज कसा काय आहे? मास्तरांनी चष्मा लावला, वहीचा पुठ्ठा समोर धरला आणि एकेक अक्षर जुळवून पाठवलं: ऑलमोस्ट रेडी. पलीकडून फुलांची रांगच्या रांग आली आणि मागोमाग एक लांबलचक मजकूर. सदफ कॉलेजात होती. मास्तरांनी त्या मजकुरातून ‘मदर’ आणि ‘थँक यू’ एवढं वेचलं, खूश झाले आणि उलट नमस्काराचे हात पाठवून दिले.

त्या लांबलचक मजकुरात काय होतं, ते गुरुवारी दुपारी बारा वाजता दुकानाच्या पायरीशी रिक्षा थांबली तेव्हा कळलं. दोघी उतरल्या. फर्दापूरहून भाड्याच्या गाडीनं तीन तास हादरे खात आल्या होत्या, गाडी गल्लीत शिरेना म्हणून पुढं रिक्षा केली होती. अंगावर धूळ होती, पण चेहरे फुललेले होते. "वी केम!" अयाका म्हणाली.

मास्तरांची नजर फळीवरच्या घडीकडं गेली. पण धंद्यात मुरलेला माणूस, जीभ आपोआप चालू झाली. अशा वेळचं एक ठेवणीतलं वाक्य प्रत्येक शिंप्याकडं असतं. ते गल्लीच्या टोकाकडं बोट करत म्हणाले, "ब्लाउज... कारागीर... हुक! गो! टुमॉरो!" म्हणजे ब्लाउज हुकवाल्याकडं गेलाय, उद्या या.

अयाकानं ते आईला सांगितलं. आईनं मान हलवली, बाकड्यावर बसली आणि पर्समधून चपटी लाकडी डबी काढली. डबीत बोटात घालायचं एक अंगुस्तान, एक छोटी कात्री आणि एक सुई होती. सुईत निळा रेशमी दोरा ओवलेला होता. ओवून, गाठ मारून तयार. गाडीतच ओवला असावा. "माय मदर," अयाका समजावून सांगू लागली, "लास्ट स्टिच... शी वॉन्ट."

मास्तरांना हे इंग्रजी कळलं. न कळायला काय झालं, शेवटचा टाका म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? बत्तीस वर्षांत हजार बायका त्या बाकड्यावर बसून गेल्या होत्या, पण ‘झालंच आहे’ ऐकून कुणी सुईत दोरा ओवून आलं नव्हतं. मास्तर उठले, फळीवरून कागदाची घडी काढली आणि टेबलावर उलगडून ठेवली. अख्ख्या पट्ट्या, जशा आल्या तशा.

"नो कट," ते म्हणाले. "नो स्टार्ट."

अयाकानं पट्टीच्या न कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. ओरडली असती तर मास्तरांना सोपं गेलं असतं. ती एवढंच म्हणाली, "बट यू रोट ऑलमोस्ट."

नोरिकोताईंनी सुई परत डबीत ठेवली. मास्तरांनी कपाळाचा घाम पुसला आणि सदफला फोन लावला. तिचं कॉलेज जवळच होतं, ती पंधरा मिनिटांत स्कूटीवर आली. तिनं कालचा मजकूर वाचला, अयाकाशी बोलली आणि मग तिचा चेहराच उतरला.

"अब्बा, यांना आज उरलेली लेणी बघायची होती. अयाकाची आई तरुणपणापासून म्हणत होती, एकदा अजिंठा बघीन. निम्मी राहिली. तुम्ही ऑलमोस्ट लिहिलं, तर आई म्हणाली, मग आधी दुकानात. माझ्या आईच्या कापडाला शेवटचा टाका माझ्या हातचा पाहिजे." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मैं क्या सिखायी थी, अब्बा?"

"तू बराबर सिखायी, बेटा. मैंच गलत वापर्या."

हे म्हणताना मास्तरांना इतकी लाज वाटली की त्यांनी मान खाली घातली. खोटी तारीख त्यांनी आयुष्यभर सांगितली होती, पण ती ऐकणाऱ्यालाही खोटी आहे हे माहीत असायचं. आज पहिल्यांदा कुणीतरी त्यांचा शब्द जसाच्या तसा खरा मानून तीन तासांचा रस्ता कापला होता. तसल्ली, तसल्ली म्हणून ज्याचं कौतुक केलं, त्याचं खरं नाव काय ते त्यांना आता समोर दिसत होतं.

"त्यांना विचार," ते सदफला म्हणाले, "मी का नाही कापलं ते सांगू का म्हणावं." आणि त्यांनी सांगितलं. पन्हा लहान आहे. पाठीवर मधोमध जोड येतोय. एवढं देखणं कापड, लग्नाचा दिवस, माझी हिंमत झाली नाही. सदफनं ते इंग्रजीत अयाकाला सांगितलं आणि अयाकानं जपानीत आईला.

नोरिकोताई चक्क हसल्या. त्या उठल्या, मास्तरांकडं पाठ करून उभ्या राहिल्या आणि हात मागं नेऊन मानेपासून कमरेपर्यंत स्वतःच्या पाठीच्या कण्यावरून बोट ओढलं. अयाका सांगू लागली, सदफ मराठीत आणू लागली: किमोनोच्या पाठीला मधोमध जोड असतोच. सगळ्यांच्या असतो. पन्हाच तेवढा. तो सरळ आला पाहिजे, एवढंच. आजी म्हणायची, माणसाची पाठ कशी आहे ते त्या शिवणीवरून कळतं.

तीन दिवस ज्या जोडाला घाबरून मास्तर फळीकडं बघायचं टाळत होते, तो तिकडं दागिना होता. सोमवारीच एक प्रश्न विचारला असता तर आज ही बाई लेण्यात असती. त्यांनी स्वतःच्याच गालावर हलकेच दोन चापट्या मारून घेतल्या, तशी दोघी मायलेकी घाबरल्या आणि सदफला सांगावं लागलं की आमच्याकडं चूक कबूल केली की असं करतात.

मग दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. मास्तरांनी टेबल पुसलं, नवीन खडू काढला आणि कापडाचं एक टोक नोरिकोताईंच्या हातात दिलं. बिस्मिल्ला म्हणून कात्री लावली. त्यांनी खडूनं रेघ मारायची, नोरिकोताईंनी बोटानं ती अर्धा दोरा इकडं-तिकडं सरकवायची, मास्तरांनी मान हलवायची. दोघांना एकमेकांचा एक शब्द कळत नव्हता आणि दोघांचंही कुठं अडत नव्हतं. दुपार कलल्यावरच्या असरच्या अजानीपर्यंत पुढचे भाग, पाठ, बाह्या, अस्तर सगळं कापून, कच्चे टाके घालून झालं.

"कधी?" अयाकानं शिकून घेतलेला मराठी शब्द वापरून विचारलं.

मास्तरांचा हात सवयीनं छातीकडं निघाला, पण त्यांनी तो आवरला. मनातल्या मनात बाह्या, मुंढे, तुरपाई, इस्त्री असा हिशोब केला आणि म्हणाले, "उद्या. जुम्म्याची नमाज झाली की. तीन वाजता."

शुक्रवारी सकाळी दहाला त्यांनी फोटो पाठवला आणि सदफला विचारून खाली लिहिलं, हाफ. बाराला बाह्या लागल्या. दीडला ते नमाजीला गेले, अडीचला परतले आणि पावणेतीनला त्यांनी पाचव्या हुकाची जागा मोकळी सोडून शेवटचा फोटो काढला. वहीच्या पुठ्ठ्याकडं न बघता त्यांनी लिहिलं, ऑलमोस्ट. सहा अक्षरांचा शब्द, पण तो पाठवताना त्यांचा ऊर भरून आला.

तिकडं लग्नघरी अयाकानं फोटो दाखवला तर रत्नमालाताईंनी उडवूनच लावलं. "बस गं घरी, बाळा. ते मास्तर हाय. उद्या दुपारशिवाय काय नाय भेटायचं." अयाकानं ऐकलं नाही, आईला घेऊन रिक्षात बसली. रत्नमालाताई बडबडत मागोमाग आल्या आणि दुकानात शिरताच त्यांना टेबलावर तो निळा ब्लाउज दिसला. पाठीच्या मधोमध सरळ, बारीक शिवण, जोडावरचं फूलसुद्धा फुलाला मिळालेलं. लग्नाला अजून दोन दिवस होते. त्यांनी बाकड्याचा आधार घेतला.

"मास्तर," त्या काळजीनं म्हणाल्या, "तब्येत बरी हाय ना?"

नोरिकोताईंनी डबी उघडली. सुईतला तो निळा दोरा कालचाच होता, त्यांनी तो काढला नव्हता. पाचवा हुक त्यांनी लावला, सावकाश, सहा टाके घालून, आणि दोरा दातानं न तोडता छोट्या कात्रीनं कापला. मग ब्लाउज दोन्ही हातांवर घेऊन मास्तरांपुढं वाकल्या. या वेळी मास्तरांना काय करायचं ते माहीत होतं.

रविवारी मास्तर सहकुटुंब लग्नाला गेले. भंतेजींपुढं नवरा-नवरी वंदनेला वाकली, अयाकाच्या खांद्यावरून पांढरा पदर थोडा सरकला आणि तिसऱ्या रांगेत बसलेल्या मास्तरांना ती शिवण दिसली. शेजारी कमरुन्निसा बसली होती. "कैसा बैठ्या?" त्यांनी हळूच विचारलं. "सीधा है," ती म्हणाली. तिच्या अंगावर मागच्या ईदेचा तयार कपडा होता, खांद्यावर जरा सैल. मास्तरांची नजर तिथं गेली ती पुढं मंगलमैत्रीची प्रार्थना संपेपर्यंत हलली नाही. राहिलेली लेणी पाहुण्यांनी मंगळवारी बघितली, तो निरोप सदफच्या मोबाइलवर आला तेव्हा त्यांच्या मनावरचं अर्धं ओझं उतरलं.

आता उरलेल्या अर्ध्या ओझ्याची गोष्ट. मास्तरांनी ठरवलं होतं, यापुढं असेल ते सांगायचं. पण गिऱ्हाईक ऐकेल तर ना! देवगाव रंगारीच्या एक बाई आल्या. मास्तर म्हणाले, "मावशी, तुमच्या कापडाला अजून हात लावला नाही." बाई खुशीत बाकड्यावर बसल्या. "चेष्टा नका करू मास्तर. द्या लवकर, साडेचारची एसटी हाय." बत्तीस वर्षांत मास्तरांनी असं कधी सांगितलं नव्हतं, तेव्हा कपडा नक्की तयार असणार, असा त्यांचा सरळ हिशोब. त्यांची समजूत घालता घालता साडेचारची गेली आणि साडेपाचचीही जायची वेळ आली.

त्याच संध्याकाळी स्टुलावर स्टूल चढवून मास्तरांनी छताला टेकलेली पिशवी काढली, धूळ झटकली आणि घरी नेली. कमरुन्निसा भाकरी थापत होती. ते तिच्यासमोर पाटावर बसले.

"तेरा मोरपंखी कपडा," ते म्हणाले. "अबी तक काट्याच नै."

"मालूम है."

"कबसे?"

"पैली ईद से."

"फिर बोली कायकू नै?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, हात धुतले आणि म्हणाली, "तुम बोलेंगे करके रुकी थी."

मास्तरांचे डोळे भरून आले, आणि ते चुलीच्या धुरावर ढकलावं म्हटलं तर घरात गॅस होता. त्यांनी खिशातून टेप काढला. दुकानातल्या वहीत तिचं माप नऊ वर्षांपूर्वीचं होतं. ती उभी राहिली आणि त्यांनी खांदा मोजला, बाही मोजली. खांदा अर्धा इंच उतरला होता. रोज जिच्या हातचं जेवलो तिचा खांदा उतरल्याचं टेप लावल्यावर कळावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. त्यांनी आकडे लिहून घेतले.

"कब?" तिनं विचारलं. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा.

"जुम्मा. तीन बजे."

शुक्रवारी तीनला पाच कमी असताना कमरुन्निसा दुकानात आली. बाजारात आली तरी त्या गल्लीत ती सहसा शिरत नसे. इतर बायकांसारखी बाकड्यावर बसली, पिशवी मांडीवर ठेवली आणि विचारलं, "हुआ?"

मशीनवरची मान वर करून मास्तर म्हणाले, "ऑलमोस्ट."

तिनं एक सुस्कारा टाकला, पिशवी उचलली आणि ती जायला उठली. तेवढ्यात मास्तरांनी तिच्या हातांवर कमीज ठेवली. मोरपंखी, इस्त्री केलेली, गळ्याला बारीक पायपिंग. गळ्यामागचं शेवटचं बटण तेवढं लावायचं होतं, आणि ते कापडाला टाचणीनं टोचून ठेवलेलं होतं. शेजारी सुई होती, दोरा ओवलेली.

कमरुन्निसानं ते बटण बघितलं, मग मास्तरांकडं बघितलं. ती परत बाकड्यावर बसली, पिशवीतून चष्मा काढून डोळ्यांना लावला आणि सुईसाठी हात पुढं केला.